कमी खर्चात शुद्ध मराठी

काही वर्षांपूर्वी आमचे वडील निवर्तले. उठावण्यास आलेल्या आणि पत्राने, दूरध्वनीने धीर दिलेल्या सर्वांना आभाराचे कार्ड पाठवावे, असे घरात ठरले. मजकूर मी सांगितला, धाकट्या बंधूंनी तो संगणकावर उतरविला, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका मुद्रणालयात ५०० कार्डे छापून झाली आणि टपालात पडलीही. चौथ्या दिवशी वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. भवानी पेठेत त्यांचा भुसार मालाचा व्यापार. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, तिसरी ओळ एकदा वाच." त्या ओळीत आम्ही सर्व कुटुंबीय आपले 'कृतघ्न' असल्याचे छापले होते.

दोष मुद्रणालयाचा नव्हता. त्यांनी दिले ते छापले. संगणकाने तरी त्या शब्दाखाली लाल रेघ का ओढली नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला. उत्तर सोपे आहे. 'कृतघ्न' हा शब्द लेखनदृष्ट्या निर्दोष आहे. संगणक शब्द तपासतो, माणसाच्या मनातला अर्थ तपासत नाही. या एका अनुभवामुळे मी गेली काही वर्षे मराठी लेखन तपासण्याची स्वस्त किंवा विनामूल्य साधने धुंडाळत आलो आहे. आपल्या घरांतून पत्रिका, क्षमापनापत्रे, संघाची निवेदने, दुकानाचे फलक, वडीलधाऱ्यांच्या आठवणींची पुस्तिका असे काही ना काही सतत छापले जात असते. म्हणून हा लेखाजोखा.

इंग्रजीचा प्रश्न लवकर आटोपतो. निर्यातीची किंवा बँकेची पत्रे लिहिणाऱ्या आपल्या मुलांना 'ग्रामरली'सारखी साधने ठाऊक आहेत, आणि त्यांची विनामूल्य आवृत्ती नित्याच्या पत्रव्यवहारास पुरते. मराठीसाठी त्यांचा उपयोग नाही.

मराठी तपासणे यंत्राला अवघड का जाते, ते आपल्याच मालावरून समजते. मीठ, तूप, गूळ हे तीन शब्द घ्या. यांतले इकार-उकार दीर्घ आहेत. परंतु प्रत्यय लागताच ते ऱ्हस्व होतात : मिठाचा, तुपात, गुळाला. शिवाय 'दुकान' या एका शब्दापासून दुकानात, दुकानातून, दुकानातला, दुकानांसाठी, दुकानाबाहेरचा अशी रूपांची रांग लागते. ही सारी रूपे एकेक करून कोशात घालणे अशक्य. मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम यांची जोडणीच यंत्राला शिकवावी लागते. 'हनस्पेल' नावाची विनामूल्य तपासणी-प्रणाली मुळात हंगेरियन भाषेसाठी घडविली गेली. त्या भाषेतही शब्दांना प्रत्यय भराभर चिकटतात, म्हणूनच ती मराठीच्या कामी आली.

'लिबर ऑफिस' ही लेखनप्रणाली विनामूल्य आहे. तिला मराठी शब्दसंग्रह जोडला की शुद्धलेखन तपासता येते. एकदा संगणकावर घेतली की इंटरनेटवाचूनही ती चालते. ज्यांच्याकडे परवान्याचे 'वर्ड' आधीच आहे, त्यांनी वेगळा खर्च करण्यापूर्वी त्यातच तपासणीची भाषा म्हणून मराठी निवडून पाहावी. अनेकांच्या वर्डमध्ये भाषा इंग्रजीच राहिलेली असते, आणि मग सगळा मजकूर लाल दिसला की माणूस तपासणीच बंद करून टाकतो.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी माझे दोन महिने वाया गेले. पुण्यातल्या अनेक मुद्रणालयांत आजही जुन्या पद्धतीच्या टंकांत मजकूर जुळविला जातो. 'श्रीलिपी' ही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची निर्मिती आणि तिने मराठी मुद्रणाची मोठी सोय केली. परंतु जुन्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत साठविलेली असतात ती इंग्रजी चिन्हे. तपासणी करणाऱ्या प्रणालीला तेथे मराठी दिसतच नाही. त्यामुळे मजकूर प्रथम युनिकोडमध्ये लिहावा, तपासावा आणि मगच मुद्रकाकडे द्यावा. रूपांतर करताना जोडाक्षरे व रफार अधूनमधून मोडतात, तेव्हा मुद्रिताची प्रत पुन्हा वाचण्यास पर्याय नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. पच्चक्खाण, आयंबिल, मासखमण, अठ्ठाई, प्रतिक्रमण या शब्दांपैकी बहुतेकांखाली लाल रेघ येते. एका फुकटच्या साधनाने तर आमच्या निमंत्रणातील 'आयंबिल' बदलून 'आंबील' सुचविले. आयंबिलच्या दिवशी पाहुण्यांना नाचणीची आंबील! यावर उपाय असा, की प्रत्येक प्रणालीत स्वतःचा शब्दसंग्रह करण्याची सोय असते. आपले पारिभाषिक शब्द, तीर्थांची व आडनावांची नावे एकदा काळजीपूर्वक त्यात घालावीत. 'काळजीपूर्वक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. चुकीचे रूप एकदा आत गेले की यंत्र ते जन्मभर बरोबर मानते.

यंत्र जेथे हमखास थकते ती जागा समासाची. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांनुसार शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा : मुनी, शांती, तिथी, गुरू. पण तोच तत्सम शब्द समासात आधी आला की मुळाप्रमाणे ऱ्हस्व : मुनिराज, शांतिनाथ, तिथिपत्रिका, गुरुदेव. आपल्या पत्रिकांत 'शांतीनाथ' आणि 'मुनीराज' किती वेळा दिसतात, ते वाचकांनीच पाहावे. दक्षिण भारत जैन सभेच्या मुखपत्राच्या 'प्रगति आणि जिनविजय' या नावात 'प्रगति' ऱ्हस्व आहे. ती चूक नव्हे. १९६२ च्या आधीच्या रीतीचे ते लेखन आहे.

लिंगाचा घोळ हा दुसरा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गुजराती, मारवाडी किंवा हिंदी बोलली जाते, आणि त्या भाषांचे लिंग नकळत मराठीत उतरते. 'चहा पिली', 'पुस्तक छापली' अशी वाक्ये मी स्वतः लिहिलेली आहेत. चहा मराठीत पुल्लिंगी आहे, पुस्तक नपुंसकलिंगी. यांतला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर शुद्धच, म्हणून साधी तपासणी येथे मूक राहते. सूत आणि सुत, दिन आणि दीन या जोड्यांचेही तेच. कापडाच्या व्यापाऱ्याने 'उत्तम सुत मिळेल' असा फलक लावला तर तो पुत्र विकावयास बसला असा अर्थ होईल, आणि यंत्राला त्यात काही वावगे दिसणार नाही.

अशा वेळी मी पुस्तकाकडे वळतो. ठाण्याचे अरुण फडके यांनी शुद्धलेखनासाठी आयुष्य वेचले. २०२० मध्ये ते गेले. त्यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' हे छोटे पुस्तक खरोखर खिशात मावते. गल्ल्याशेजारी ठेवावे, अडले की उघडावे. अधिक खोलात जावयाचे तर त्यांचा 'मराठी लेखन-कोश' आहे. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' शाळकरी मुलांपासून स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांच्या हाती असते, आणि अप्पा बळवंत चौकात त्याची जुनी प्रतही मिळून जाते. डॉ. यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' माझ्या विशेष आवडीचा. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात श्री. म. माटे यांच्या हाताखाली शिकलेल्या या विदुषींनी २०२५ मध्ये वयाची शंभरी गाठली. मोठे कोश विकत घेणे परवडत नसेल तर लक्ष्मी रस्त्यावरील, १८४८ साली स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात ते पाहावेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. अर्थासाठी ते अमोल आहेत, मात्र त्यांतील लेखन जुन्या नियमांचे आहे, हे विसरू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संवादी साधने अलीकडे वाक्यातली चूक सांगतात, लिंगाचीही सांगतात. मी ती वापरतो. पण ती न विचारता वाक्य बदलतात, आणि वडिलांच्या आठवणीतली बोलीभाषा गुळगुळीत करून टाकतात. म्हणून 'फक्त चुका दाखवा, बदल करू नका' असे सांगूनच मजकूर द्यावा. आणखी एक. भागीदारीचा करार, ग्राहकांची यादी, घरातील वाटणीचे कागद अशा साधनांत कदापि टाकू नयेत. जे इंटरनेटवर तपासावयास दिले, ते आपल्या संगणकाबाहेर गेले. अशा कागदांसाठी संगणकावरच चालणारी लिबर ऑफिससारखी प्रणाली बरी.

मोबाइलकडून मजकूर मोठ्याने वाचून घेणे हाही एक फुकटचा उपाय आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्यात कळत नाही, पण गळालेला शब्द किंवा दोनदा आलेली ओळ कानाला लगेच खटकते.

गेल्या चातुर्मासात आमच्या काकूंचे मासखमण झाले. पारण्याच्या निमंत्रणाचा मजकूर मी युनिकोडमध्ये लिहिला, लिबर ऑफिसमध्ये तपासला, फडक्यांचे पुस्तक उघडून दोन शब्द पडताळले, मोबाइलकडून वाचून घेतला. एकही लाल रेघ उरली नव्हती. मग गल्लीतल्या एका निवृत्त मराठी शिक्षिकांकडे कागद घेऊन गेलो. त्या पानामागे ठरावीक मानधन घेतात, आणि चहाही पाजतात. चष्मा लावून त्यांनी एकदाच वाचले आणि पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल केला. 'पारण्यानंतर सर्वांसाठी उपहाराची व्यवस्था आहे,' असे मी लिहिले होते. उपहार म्हणजे भेटवस्तू. मला म्हणावयाचे होते उपाहार. बाईंनी एक काना दिला आणि विचारले, "किती पाहुणे यायचे आहेत?"

"तीनशे," मी म्हणालो.