मेंटॉरचे नाव काय?

सत्रपरीक्षा जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात वसतिगृहातील मुलांची गर्दी वाढते. पित्त, डोकेदुखी, झोप न लागणे या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. तपासण्यांत बहुधा काही सापडत नाही. अशा वेळी मी एक प्रश्न विचारतो, "तुमचे मेंटॉर कोण?" अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाने परवा उत्तर दिले, "सर, यादी पाहावी लागेल."

दर पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक-शिक्षक असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्येच सुचविले आहे. त्याप्रमाणे याद्या लागतात, सह्याही होतात. ओळख मात्र होतेच असे नाही.

मी 1988 साली वैद्यकीय महाविद्यालयात गेलो, तो तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत नापास झालो आणि मेसला जाणेही सोडले. एके दिवशी विच्छेदनगृहात सरांनी हलकेच विचारले, "घरी शेवटचे पत्र कधी लिहिलेस?" उत्तर देताना माझा कंठ दाटून आला. त्यांनी उपदेश केला नाही. दर गुरुवारी वही घेऊन यायला सांगितले. आधी चहा, मग बाहूतील मज्जातंतूंच्या जाळ्याची आकृती. महिनाभरात मला झोप लागू लागली. औषध एकही नव्हते.

अमेरिकेत 2014 साली गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने तीस हजारांहून अधिक पदवीधरांची पाहणी केली. ज्यांना आस्था बाळगणारे, उत्साह देणारे शिक्षक आणि मार्गदर्शक लाभले होते, ते पुढे कामात अधिक रमलेले व अधिक समाधानी आढळले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे डॉक्टर म्हणून सांगितलेच पाहिजे. तरी माझा अनुभव याहून वेगळा नाही.

पालकहो, दिवाळीत मूल घरी आले की गुणांआधी मेंटॉरचे नाव विचारा. विद्यार्थ्यांनो, अडचण येण्याआधीच एकदा भेटून या. ओळख असली की पुढे बोलणे सोपे जाते. अर्थात शिक्षक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. दोन आठवडे झोप वा भूक हरपली असेल, तर डॉक्टरांकडे या. जीव नकोसा वाटत असेल, तर क्षणभरही थांबू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत असून अहोरात्र चालू असतो.

तो मुलगा पंधरवड्याने पुन्हा आला. पित्त थोडे होतेच. मॅडमना मात्र भेटून आला होता. त्या त्याच्याच तालुक्याच्या निघाल्या.