ध्रुवावरच्या विहिरीतला गाळ

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट या अमेरिकी केंद्रात पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. आपल्या जुन्या वाड्यातल्यासारखी नव्हे. बर्फात खोलवर गरम पाणी सोडायचं, भोवतालचा बर्फ वितळवायचा आणि ते पाणी पंपाने वर खेचायचं. बर्फात अडकलेले कण मात्र तळाशी बसतात. १९९५ मध्ये सुझन टेलर आणि सहकाऱ्यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखं यंत्र खाली सोडून हा गाळ वर काढला. त्यात हजारो सूक्ष्म उल्का निघाल्या. बहुतेक मिलिमीटरहूनही लहान.

अशी धूळ आपल्या गच्चीवरही पडते. मग इतक्या लांब का जायचं? आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल सगळीकडे आहे, पण ध्रुवावर गोंगाट कमी आहे. शहरात वेल्डिंगच्या ठिणग्या, गाड्यांचे ब्रेक, कारखान्यांचा धूर यांचे कणही लोहचुंबकाला चिकटतात. त्यामुळे 'चुंबक फिरवा, अवकाशातली धूळ मिळवा' अशा व्हिडिओंवर लगेच विश्वास ठेवू नका. नॉर्वेच्या यॉन लार्सन यांना शहरी छपरांवर खऱ्या सूक्ष्म उल्का मिळाल्या, हे खरं. पण सुमारे ३०० किलो गाळ तपासून जेमतेम ५००, आणि त्यांची खात्री प्रयोगशाळेत झाली.

ध्रुवावर आणखी एक सोय आहे. तिथे वर्षाला किती बर्फ साचतो हे माहीत असतं, म्हणून कण मोजले की धूळ पडण्याचा वेग काढता येतो. फ्रान्सच्या जाँ द्युप्रा यांच्या गटाने वीस वर्षांत सहा मोहिमा करून कॉनकॉर्डिया केंद्राजवळचा बर्फ खणला, वितळवला, गाळला. २०२१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला: पृथ्वीवर दरवर्षी अशी सुमारे ५,२०० टन धूळ उतरते. मोठ्या उल्कापाषाणांचा वाटा दहा टनांहूनही कमी.

ही धूळ मुख्यतः आपल्याच सूर्यमालेतली, धूमकेतू आणि लघुग्रहांची. काही अणू मात्र त्याहून लांबचे. अंटार्क्टिकातल्या कोनेन केंद्राजवळचा ५०० किलो बर्फ जर्मनीत नेऊन वितळवला, तेव्हा त्यात लोह-६० सापडलं. दर २६ लाख वर्षांनी ते निम्मं होतं, म्हणजे पृथ्वीच्या जन्मावेळचं केव्हाच संपलं. शास्त्रज्ञांनी इतर शक्यता तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष काढला, की ते स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्यांमधून आलं आहे.

तो बर्फ वीस वर्षांहून जुना नव्हता. म्हणजे आम्ही शाळा-कॉलेजात होतो, तेव्हा हे अणू पृथ्वीवर उतरत होते.