लुगड्याची गाठ

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी ते जन्मले. वडिलांच्या नावातच सूर्य! या मुलखात सकाळी सूर्याला हात जोडायचे आणि मग दिवसभर त्याच्याच उन्हात कापसात राबायचे, ही जुनीच रीत. उन्हाने कातडीचा कर्करोग होतो असे इथल्या शेतकऱ्याला सांगितले, तर तो हसेल.

त्याचे हसणे अगदीच चुकीचे नाही. २०२२ साली जगात मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख ३२ हजार आणि त्वचेच्या इतर कर्करोगांचे १२ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. मृत्यू सव्वा लाखावर गेले. सर्वाधिक प्रमाण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे, कारण गोऱ्या कातडीत मेलॅनिन कमी. आपल्या सावळ्या रंगाने आपल्याला उपजतच छत्री दिली आहे.

पण ही छत्री सगळीकडे पुरत नाही. आपल्याकडे मेलॅनोमा झालाच, तर तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे ऊन न पोचणाऱ्या जागी होतो. शिवाय आपला एक खास कर्करोग आहे, तो कमरेचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. वर्षानुवर्षे एकाच जागी काच पडतो, त्यात घाम आणि धूळ साचते, कातडी सोलवटते, जखम होते. ती भरत नाही आणि एखादीत पुढे कर्करोग उद्भवतो.

धोतर मागे पडले, म्हणून ही गोष्ट संपली नाही. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन वृद्धांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. एकीला परकराच्या नाडीने काचले होते. दुसरी चाळीस वर्षे लुगडे घट्ट कसून नेसत होती; तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. पहिलीची जखम दीड वर्षाची, दुसरीची दोन वर्षांची.

मला आकड्यांपेक्षा हा काळ अस्वस्थ करतो. बँकेत असताना कनवटीतून घामेजलेल्या नोटा काढून देणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. त्या गाठीखाली काय आहे, हे खिडकीआडून कसे कळणार? आणि घरात तरी कोण विचारतो? कमरेची जखम दाखवायची लाज, त्यात पेरणी, वेचणी, नातवंडे. हळद लावून दिवस ढकलले जातात.

उपाय मात्र साधे आहेत. नाडी रुंद आणि सैल असावी, गाठीची जागा बदलावी, कातडी कोरडी ठेवावी. काही आठवड्यांत न भरणारी जखम कुठेही असो, डॉक्टरांना दाखवावी. वेळीच कळले, तर असा रोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

घरात आई, आजी, सासूबाई असतील, तर लेकीसुनांनी त्यांना आज एवढेच विचारावे, ‘नाडी काचते का हो?’ आपणहून त्या सांगणार नाहीत.