दहा दिवसांची बुडी

हवामानबदलाने पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. म्हणून तापमानवाढीचा हिशोब मांडायचा तर पाण्यातच उतरावे लागते. पण जहाजे ठरावीक मार्गांनी जातात, दक्षिण महासागराच्या हिवाळ्यात तर फारशी कोणी जात नाहीत, आणि उपग्रहांना पृष्ठभागाखालचे तापमान दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी 1999 च्या सुमारास आर्गो प्रकल्प सुरू झाला. सुमारे मीटरभर लांबीचे, वीस-पंचवीस किलोंचे एक नळकांडे, म्हणजेच ‘फ्लोट’, जहाजावरून पाण्यात सोडायचे. ते हजार मीटर खोलीवर नऊ-एक दिवस प्रवाहाबरोबर वाहते, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येता येता तापमान, क्षारता व दाब मोजते. वर येण्याची युक्ती अगदी साधी आहे. पंप आतले तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो. वजन तेवढेच राहते, आकारमान वाढते, आणि यंत्र भोवतालच्या पाण्याच्या मानाने हलके होऊन वर येते. पाण्याखालून उपग्रहाशी बोलता येत नाही, म्हणून पृष्ठभागावर येऊन ते आकडे पाठवते आणि पुन्हा बुडी मारते. 2007 मध्ये अशा फ्लोटची संख्या तीन हजारांवर गेली. आज ती चार हजारांच्या आसपास आहे. भारतीय फ्लोटचे आकडे हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत गोळा होतात.

यंत्र कौतुकाचे आहेच, तरी माझ्या मते आर्गोची खरी ताकद त्याचे आकडे सतत पारखले जातात यात आहे. ही पारख 2006 मध्ये पणाला लागली. 2003 ते 2005 या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला, असा निष्कर्ष त्या वर्षी एका शोधनिबंधात प्रसिद्ध झाला, आणि तापमानवाढ नाकारणाऱ्यांनी तो उचलून धरला. निबंधाच्या लेखकांपैकी एक, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जॉश विलिस यांना मात्र दुसरीच गोष्ट खटकली. उपग्रह सांगत होते की समुद्राची पातळी चढतेच आहे; मग पाणी आकसत होते कुठे? शोधाअंती दोन दोष सापडले. काही फ्लोट तापमान बरोबर मोजत होते, पण ते चुकीच्या खोलीच्या नावावर टाकत होते. आणि जहाजांवरून सोडल्या जाणाऱ्या जुन्या तापमापकांना दाबमापकच नसतो. ते किती वेळ पडत राहिले यावरून खोली काढतात, आणि त्या पडण्याच्या वेगाचे सूत्र चुकत होते. त्यामुळे जुने आकडे खरे होते त्यापेक्षा उबदार दिसत. पुढच्याच वर्षी लेखकांनी स्वतः दुरुस्ती प्रसिद्ध केली.

यावर आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: हवे ते उत्तर मिळेपर्यंत आकडे दुरुस्त केले, असे का म्हणू नये? म्हणता आले असते, जर दुरुस्तीचा कल एकाच बाजूचा असता. पण जहाजी तापमापकांच्या वेगाचे सूत्र सुधारल्यावर 1970 च्या दशकात दिसणारा समुद्राच्या उबेचा फुगवटाही बराच ओसरला. म्हणजे या दुरुस्तीने जुनी, भासमान तापमानवाढही पुसली. शिवाय मूळ आणि सुधारलेले, दोन्ही आकडे कुणालाही फुकट पाहता येतात. संशय घेणाऱ्याच्या हाती यापेक्षा अधिक काय द्यायचे?

या बारकाईचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे. चक्रीवादळाला बळ देणारे उबदार पाण्याचा थर किती जाड आहे, हे पृष्ठभागावरून कळत नाही. थर पातळ असेल तर वाराच खालचे थंड पाणी घुसळून वर आणतो आणि वादळाची रसद तोडतो. जाड असेल तर रसद चालू राहते. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी वर हलकी साय धरते, आणि घुसळण थोपवते. म्हणून क्षारता मोजणेही तितकेच गरजेचे. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ कोकणाला घासून गुजरातेत गेले. अरबी समुद्रातली अशी वादळे किती बळ धरतील, याचा अंदाज बांधताना पाण्याच्या पोटातली ऊब ठाऊक असणे फार मोलाचे असते.

फ्लोट चार-पाच वर्षांत थकतात आणि बहुतेक समुद्रातच संपतात. हा कचरा आहे, हे मान्य करायला हवे. मात्र तितक्याच मोजमापासाठी जहाजे फिरवली तर इंधन कितीतरी पटींनी जळेल. दुसरी उणीव मला मोठी वाटते. समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरांहून जास्त आहे, आणि नेहमीचे फ्लोट दोन हजारांवर थांबतात. सहा हजार मीटरपर्यंत उतरणारे फ्लोट आता पाण्यात उतरले आहेत, पण ते अजून मोजकेच आहेत.