जुन्या ट्रॅक्टरचे शीतकरण : बदल करण्यापूर्वी दोष शोधावा

जुना ट्रॅक्टर नांगरणीत तापू लागला की त्याचा थर्मोस्टॅट काढून टाकावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. पाणी मोकळेपणी फिरले म्हणजे इंजिन थंड राहील, हा त्यामागील समज आहे. परंतु या उपायाने मूळ दोष तसाच राहतो व इंजिनास नवा अपाय होतो.

इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर उदाहरणादाखल घेऊ. यात पंप पाणी फिरवतो, पंखा रेडिएटरमधून हवा खेचतो आणि थर्मोस्टॅट इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन उशिरा तापते व हलक्या कामात थंडच राहते. रॉकेलसारख्या इंधनावर चालणाऱ्या टीईडी-२० या प्रकारात याचा धोका विशेष आहे. थंड इंजिनात या इंधनाची पूर्ण वाफ होत नाही. उरलेले इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून उतरून खालच्या तेलात मिसळते. मोजपट्टीवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली व तेलास रॉकेलचा वास आला, तर ट्रॅक्टर त्वरित थांबवावा. असे पातळ तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

म्हणून तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. पंख्याचा पट्टा सैल किंवा झिजलेला नाही ना, हे पाहावे.

२. रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेला भुसा व धूळ इंजिनाच्या बाजूने बेताच्या दाबाचे पाणी सोडून बाहेर काढावी.

३. विहिरीच्या जड पाण्याचे क्षार आत साचले असल्यास रेडिएटर धुऊन घ्यावा. क्षारांचा थर उष्णता अडवून धरतो.

४. थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात तारेने टांगून, तळाला टेकू न देता, पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास तो उघडला नाही, तर बदलावा.

एवढे झाल्यावर करण्याजोगे बदल दोनच : तापदर्शक नसल्यास तो बसवावा, आणि साध्या पाण्याऐवजी शुद्ध पाण्यात गंजरोधक शीतक मिसळून भरावे.

जास्त दाबाचे झाकण बसवण्याचा मोह मात्र टाळावा. बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब अधिक असल्यास पाणी सुमारे १११ अंश सेल्सियसला उकळते, हे खरे. तथापि जो जुना रेडिएटर तेवढ्या दाबासाठी बांधलेला नाही, त्याचे डाखाचे सांधे उकलतात. त्याचप्रमाणे गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने व वाफेने चेहरा व हात भाजतात.

कृषिसहायकांनी ही तपासणी मशागतीच्या हंगामापूर्वी शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावी. पट्टा ताणण्यास व पत्रे धुण्यास फारसा खर्च येत नाही. बेअरिंग गेल्यास मात्र संपूर्ण इंजिन उघडावे लागते.