साडेसातचा तास आणि आमची एस.टी.

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात 'प्रदूषण टाळा' या विषयावर भित्तिपत्रक स्पर्धा झाली. बहुतेक चित्रांत सायकल होती. चित्रे पाहून मी बाहेर आले, तो फाटकापर्यंत मोटारसायकलींची रांग लागलेली! मनात आले, ज्या प्रवासाची आपण चित्रे काढतो, तो रोज करणारे आपल्यात कितीजण आहेत? आणि त्यांची सोय कोण पाहतो?

'शाश्वत प्रवास' हा शब्द हल्ली वारंवार वाचावयास मिळतो. शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे. कमी इंधनात, कमी धुरात आणि खिशाला परवडेल असे जाणे-येणे म्हणजे शाश्वत प्रवास. पायी चालणे, सायकल आणि एस.टी. हे त्याचे प्रकार आम्हा खेड्यातल्या मुलामुलींना नवे नाहीत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून खेड्यातल्या कितीतरी पिढ्या तिच्याच पायरीवरून शाळा-कॉलेजात चढल्या. विद्यार्थ्यांना मासिक पासात सुमारे दोन-तृतीयांश सवलत मिळते, म्हणूनच माझ्यासारखी, घरातून प्रथमच कॉलेजात आलेली मुलगी, येथे पोचू शकली.

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी गणिताला भितो. तरी थोडा हिशेब मांडते. माझे गाव येथून २२ किलोमीटर. आमच्या गाडीने चार गावांतले ३१ विद्यार्थी येतात. प्रत्येकाने मोटारसायकल आणली आणि ती लिटरला ५० किलोमीटर चालली, तर एका फेरीस सुमारे साडेतेरा लिटर पेट्रोल जळेल. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोज सकाळी ३१ किलो. एस.टी.ला तेवढ्या अंतरास सुमारे ५ लिटर डिझेल लागते आणि साडेतेरा किलोच्या आसपास वायू निघतो. शिवाय त्याच गाडीत बाजाराला जाणारी माणसे असतात, ती वेगळीच.

हे सर्वांना पटते. मग मोटारसायकली का वाढतात? इतरत्र काय घडले ते पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेव्हिस या विद्यापीठाच्या गावी १९६७ साली रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली गेली. विद्यापीठाच्या आवाराचा मध्यभागही मोटारींना बंद करण्यात आला. आजही ते गाव सायकलींसाठी ओळखले जाते. उलट, आपल्या पुणे विद्यापीठाच्या ४०० एकरांहून मोठ्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, परंतु काही वर्षांतच ती योजना बारगळली. यावरून मला एवढेच समजते, की नुसते वाहन पुरवून किंवा उपदेश करून भागत नाही. त्या वाहनाने येणाऱ्याची वाट, जागा आणि वेळ यांचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे अडते ते वेळेपाशी. पहिला तास साडेसातला सुरू होतो. आमची पहिली गाडी गावातून पावणेसातला निघते आणि ७ वाजून ३५ मिनिटांनी स्थानकावर येते. तेथून धावतपळत आले तरी पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे पहिला तास आम्हाला रोजच अर्धा मिळतो, आणि हजेरी तर मिळतच नाही. पहिल्या सत्रात त्या विषयात माझी हजेरी अपुरी भरली. ते ऐकून आप्पा म्हणाले, "पोरी, कालवड इकू अन् दादाला फटफटी घिऊ. त्यो सोडंल तुला. तास बुडाया नगं." फाटकाजवळच्या रांगेतल्या प्रत्येक गाडीमागे हौसच असते असे नाही. एखाद्या गाडीमागे अशी विकलेली कालवड आणि कर्जाचे हप्तेही असतात.

यावर उपाय खर्चाचा नाही. पहिला तास आठला सुरू व्हावा. दुपारी वर्ग रिकामे करावे लागतात ही अडचण मला ठाऊक आहे. तसे असेल तर महाविद्यालयाने आगाराला लिहून गाडी अर्धा तास आधी सोडण्याची विनंती करावी. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याच्या अर्जापेक्षा महाविद्यालयाच्या पत्राला निश्चितच अधिक वजन राहील. सायकलवाल्यांसाठी वाहनतळाची सावलीची बाजू राखून ठेवावी, हीही विनंती.

मी ३१ जणांची गाववार यादी केली असून अर्ज लिहून ठेवला आहे. इतर मार्गांनी येणाऱ्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या गाड्यांच्या वेळा त्यात लिहाव्यात आणि प्राध्यापकांनी आम्हाला मार्गदर्शन करावे. दिवाळीपर्यंत थांबा, असे मी आप्पांना सांगितले आहे. कालवड अजून गोठ्यात आहे.

— द्वितीय वर्ष, कला