सात किलोत वाहाका

माघात, धान विकून झाल्यावर, पाठीवरची सॅक घेऊन मी आमच्या गावातल्या, सानगडीतल्या, किराणा दुकानात गेले आणि तांदूळ मोजायच्या काट्यावर ती ठेवली. सहा किलो आठशे ग्रॅम. दुकानातल्या भाऊंनी विचारलं, ‘‘नागपूरले का?’’ मी म्हटलं, ‘‘मेक्सिकोले.’’ त्यांनी काट्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. घरी आले तर माय दारातच उभी. तिचा प्रश्न वेगळा होता. ‘‘लोनचा नाही नेत त खासीन काय?’’

तिला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. तिथे पोचल्यावर सापडलं, ते पुढे सांगते. आधी सात किलोचा हिशेब, कारण लांबच्या प्रवासाला निघणारे आपल्याकडचे बहुतेक जण त्याच्याच धास्तीने मोठी सुटकेस उचलतात.

मी ज्या शहरात जायला निघाले होते ते दक्षिण मेक्सिकोतलं वाहाका. नकाशावरची अक्षरं वाचून आपण ‘ओक्साका’ म्हणतो, तिथले लोक ‘वाहाका’. नावाच्या मुळाशी ‘वाखे’ नावाचं झाड आहे. ते आपल्या सुबाभळीच्याच कुळातलं, आणि सुबाभूळही मूळची त्याच देशातली. बांधावर शेळ्यांसाठी लावलेल्या झाडाच्या भाऊबंदाचं नाव एका शहराला आहे, हे कळल्यावर ते शहर मला एकदम जवळचं वाटलं. १९८७ मध्ये युनेस्कोने वाहाकाचा जुना भाग आणि त्याच्या डोक्यावरच्या डोंगरावरची मोंते आल्बान ही प्राचीन नगरी, दोन्ही जागतिक वारशात घेतली.

आता सामान. बहुतेक भारतीय विमान कंपन्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला सोबत न्यायला एक बॅग देतात, वजन सात किलो. मोजमाप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. परदेशी कंपन्यांचे आकडे निराळे असतात, पण वाटेत तीन विमानं बदलायची तर सर्वांत कडक नियम धरूनच बांधाबांध करावी लागते. यात लोक पहिली चूक करतात ती बॅग निवडतानाच. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सातातले तीन किलो बॅगेनेच खाल्ले. कापडी सॅक किलोभराची. शिवाय वाहाकाच्या जुन्या भागातले रस्ते दगडी फरशीचे आहेत, तिथे चाकं खडखडत अडतात.

कपडे तीन जोड, एक अंगावर आणि दोन आत. जाड बूट आणि स्वेटर अंगावरच चढवायचे, ते काट्यावर येत नाहीत. वाहाका समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपंधराशे मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारीत तिथे दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे गारठा असतो, आपल्या झाडीपट्टीतल्या हिवाळ्यासारखाच. पाऊस जूननंतर. आपला सुती दुपट्टा या प्रवासात सर्वांत कामाचा निघाला. तो टॉवेल झाला, पांघरूण झाला, उन्हात डोक्यावर आला आणि बाजारात पिशवीही झाला. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायची असते, मोठ्या सामानात ती टाकता येत नाही. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर तो माणसांच्या नजरेसमोर घ्यावा, विमानाच्या पोटात नव्हे, म्हणून.

मायच्या लोणच्याची गोष्ट इथे येते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. काही आठवडे तर कुठलाच पातळ पदार्थ सोबत नेऊ देत नव्हते. मग त्यातून आजचा नियम निघाला. प्रत्येक डबी जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची, आणि सगळ्या डब्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. यात पाहिलं जातं ते डबीचं माप. दोनशे मिलिच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल उरलं असलं तरी बाटली बाहेर जाते. लोणचं, तूप, दही, चटणीचा गोळा, सगळं यंत्राच्या लेखी ‘पातळ’. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे हे सैल झालं आहे, पण मधल्या एखाद्या विमानतळावर जुनंच यंत्र असतं आणि डबी तिथे अडते. म्हणून मी शाम्पूऐवजी साबणाची वडी घेतली आणि लोणच्याऐवजी पोह्याचा चिवडा.

दुसरा नियम शेतकऱ्याच्या घरात जास्त लागतो. बी नेता येत नाही. पेरायचं धान, कडधान्याचं बी, रोप, माती, काहीच परवान्याशिवाय मेक्सिकोत उतरत नाही, आणि परत येताना आपल्या देशातही नाही. कीड आणि रोग बियांतून समुद्र ओलांडतात, म्हणून हा नियम. माझ्या भावाला तिथल्या मक्याचं बी हवं होतं. नाही म्हणताना मला वाईट वाटलं, पण मी नाहीच म्हटलं.

सानगडीहून साकोली, साकोलीहून महामार्गाने नागपूर, मग विमानं. मेक्सिकोला भारतातून थेट विमान नाही, वाटेत बदलावंच लागतं. अमेरिकेवरून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधीच पाहून ठेवायचं. हातातल्या सामानाचा खरा फायदा मेक्सिको सिटीत कळतो. मोठं सामान चढवलेल्या माणसाला देशात शिरताच ते पट्ट्यावरून उचलावं लागतं, सीमाशुल्क ओलांडावं लागतं आणि वाहाकाच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. मी सॅक पाठीवर टाकली आणि बाहेर पडले.

मधले तास हातात होते, म्हणून मी शहराच्या मध्यभागी शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत गेले. १९२० च्या दशकात चित्रकार दिएगो रिव्हेराने तिथल्या भिंती रंगवल्या. त्यातल्या ‘आमची भाकरी’ या चित्रात आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आहेत. विदर्भातल्या प्रत्येक मुलाला हे नाव ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक जपान, कॅलिफोर्निया, इराण, बर्लिन असे हिंडत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्यांच्या प्रयोगांची छायाचित्रं छायाचित्रकार तीना मोदोत्तीने काढली. इंग्रजांच्या राज्यात त्यांना घरी यायला बंदी होती. देश स्वतंत्र झाल्यावरच ते येऊ शकले, आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिले.

वाहाकात पोचल्यावर मायच्या प्रश्नाचं उत्तर बाजारातच पडलेलं होतं. मिरची, मका, पपई, पेरू, टोमॅटो, झेंडू, यातलं काहीच मूळचं आपलं नाही. ही सगळी अमेरिका खंडातली, त्यातही मिरची, मका आणि झेंडू मेक्सिकोच्या मातीतले. दसऱ्याला आपण दारावर लावतो ते फूल तिथे १ आणि २ नोव्हेंबरला पितरांच्या वेदीवर चढतं. शहरापासून थोड्या अंतरावर, मित्लाजवळच्या गिला नाकित्स गुहेत मक्याची सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची कणसं सापडली. मी सोबत काय न्यायचं होतं? माझ्या स्वयंपाकघराचा अर्धा माल तिथूनच आला होता.

ओळखीच्या वस्तू पावलापावलावर. मातीचा चपटा ‘कोमाल’ म्हणजे आपला भाकरीचा तवा, ‘मेताते’ म्हणजे पाटा-वरवंटा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने साल सुटते, पीठ चिकटून येतं आणि धान्यातली पोषकं शरीराला मिळतात. आपल्याकडे चुना तंबाखूत जातो, तिथे भाकरीत. मक्याच्या कणसावर येणारी काळी काणी आपण उपटून टाकतो. तिथे ती ‘वित्लाकोचे’ या नावाने भाजी म्हणून विकायला होती, आणि चवीला मशरूमसारखी लागली. शाकाहारी माणसाने मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी. मोठ्या कडक भाकरीवर, ‘त्लायूदा’वर, डुकराची चरबी फासतात. ‘सिन मान्तेका’ म्हटलं की चरबीशिवाय मिळते. हे दोन शब्द मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवले होते.

मला तिथे सर्वांत जास्त आवडलं ते ‘गेलागेत्सा’. जुलैत डोंगरावर होणारा नाचगाण्याचा मोठा सोहळा या नावाने जगभर ओळखला जातो, पण तिथल्या झापोतेक लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा खरा अर्थ देवाणघेवाण. लग्न असलं की शेजारी कोंबड्या, मका, श्रम, जे असेल ते आणतात आणि घरचे वहीत लिहून ठेवतात. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत जातं. हे मला समजावून सांगायची गरजच पडली नाही. आमच्या घरी ट्रंकेत अहेराची वही आहे, तिच्यात १९७० च्या सुमाराच्या नोंदी आहेत. गावकामासाठी सगळ्यांनी मिळून द्यायच्या श्रमाला ते ‘तेकियो’ म्हणतात. आपण श्रमदान म्हणतो.

त्यामुळे पाहुणी म्हणून जाताना हात रिकामा नव्हता याचं बरं वाटलं. तेओतित्लान देल वाये हे वाहाकाजवळचं विणकरांचं गाव. तिथे एका विणकर घरात मी दोन रात्री राहिले. त्यांच्यासाठी मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या मागावरचा कोशाचा दुपट्टा नेला होता. वजन काहीच नाही, आणि यंत्राला हरकत घ्यायला जागा नाही. घरातल्या आजींनी तो दोन बोटांत चोळून पाहिला. हा धागा येन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढणाऱ्या किड्याचा, आणि तो किडा आमच्याकडचे ढिवर पाळतात, हे मी खाणाखुणांनी आणि फोनवरच्या भाषांतराने सांगितलं. त्या उठल्या आणि परसातून नागफणीचं एक पान घेऊन आल्या. पानावर पांढरी बुरशी दिसत होती. त्यांनी तिच्यातला दाणा उचलून तळहातावर चिरडला, तर तळहात रक्तासारखा लाल झाला. हाच कोचिनील किडा. त्या लाल डागावर त्यांनी लिंबू पिळलं तर रंग नारिंगी झाला, चुना लावला तर जांभळा. एक किलो सुक्या रंगाला सुमारे दीड लाख किडे लागतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून युरोपात जाणाऱ्या मालात चांदीनंतर याचाच नंबर होता. एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग आले आणि हा धंदा बसला. तेओतित्लानसारख्या गावांनी तो आता पुन्हा उभा केला आहे.

परत निघताना जे आणता येणार नव्हतं त्याची यादी मोठी होती. काळ्या मिरच्या, तीळ आणि चॉकलेट वाटून केलेला ‘मोले’ बाजारात गोळ्याने मिळतो, पण यंत्राला तो पातळच. मेझकाल ही तिथली दारू हवी असेल तर ती विमानतळावरच्या दुकानातून सीलबंद पिशवीत घ्यावी लागते, आणि पुढच्या विमानतळावर सील फुटलं की ती तिथेच राहते. म्हणून मोले मी तिथेच पोटभर खाल्ला आणि त्याची रीत वहीत उतरवून घेतली. आणले ते दालचिनी घातलेल्या चॉकलेटच्या कडक वड्या आणि आजींनी दिलेला हातभर लांबीचा लोकरी तुकडा, लाल.

सानगडीत आल्यावर मायने तो तुकडा उलटा करून पाहिला, मग उन्हात धरला. ‘‘हा लाखेचा रंग होय का?’’ लहानपणी तिने पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडलेली, तिच्या पाण्याने हात लाल झालेले, आणि अळताही त्याचाच. मी सांगितलं, लाख नाही, पण तसाच किडा, नागफणीवर वाढणारा. ईस्ट इंडिया कंपनीनेही अठराव्या शतकाच्या शेवटी तो हिंदुस्थानात आणून पाहिला होता, पण आला तो हलका रानटी वाण, आणि रंग जमला नाही.

माय बराच वेळ तुकड्यावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, ‘‘नागफणी त आहे ना आपल्या बांधावर.’’